‘आई, तुम्ही बसा’: साठीनंतरच्या चार पत्रांना उत्तरं

प्रश्न : वय 66. सून चांगली आहे, हे आधीच सांगते. पण ‘आई, तुम्ही बसा’ हे दिवसातून दहा वेळा ऐकते. ओट्याजवळ गेले की हातातलं काढून घेते. चाळीस वर्षं हेच घर चालवलं, आता पाहुणीसारखी सोफ्यावर बसते. तक्रार नेमकी कशाची करू, तेच कळत नाही. (डोंबिवली)

तुमचे यजमान नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभ झाला असेल. शाल, श्रीफळ, चार माणसांची भाषणं. तुमच्या निवृत्तीला फक्त ‘बसा’ मिळालं, तेही प्रेमाने, त्यामुळे रागावायचीही सोय नाही. तक्रार कशाची, याचं उत्तर बहुधा एवढंच आहे.

हे मला घरातूनच कळलं. माझ्या आईच्या हातातली विळी आम्ही बहिणींनी काळजीपोटी काढून घेतली. महिन्याभरात ती रोज दुपारी चारला विचारू लागली, ‘आज कोणी येणार आहे का?’ भाजी चिरणं हे तिचं काम नव्हतंच. आज काय शिजणार हे ठरवणं, हे तिचं काम होतं. विळीबरोबर आम्ही तेही नेलं.

म्हणून सुनेला ‘काही मदत करू का?’ असं विचारू नका. त्यावर ‘नको, बसा’ हेच येणार. एक अख्खी गोष्ट मागून घ्या. वर्षाचा गोडा मसाला माझा, किंवा गुरुवारचा स्वयंपाक माझा. त्या दिवशी भाजी कुठली हे मी ठरवणार, बिघडली तरी माझीच. बाकीच्या दिवशी मात्र तिच्या फोडणीवर शेरे मारायचे नाहीत. हा सौदा दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो.

घराबाहेरही जा. जवळ ज्येष्ठ नागरिक संघ असेल. पण सावध राहा, अशा बऱ्याच ठिकाणी चहापाणी आपसूक बायकांकडे येतं. पहिल्याच दिवशी म्हणा, ‘हिशेबाची वही मी लिहीन.’

आणखी एक. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली, जेवण जाईना, कशातच मन लागेना, तर तो निव्वळ रिकामपणा समजू नका. डॉक्टरांना दाखवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : हे जाऊन वर्ष झालं. घर ह्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलं, मृत्युपत्र केलं नाही. दोन मुलं, एक मुलगी. मुलं म्हणतात, ‘आई, तुला आता काय करायचंय, आमच्या नावावर करून टाक.’ हक्कसोडपत्राचा कागद तयार आहे. नाही म्हटलं तर वाईट होईन. (सातारा जिल्हा)

सही करू नका. निदान आत्ता नको.

पतीने स्वतः कमावलेल्या आणि मृत्युपत्र नसलेल्या मिळकतीत हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगे आणि मुलगी यांना सारखा वाटा मिळतो. सासूबाई हयात नसतील तर तुमचा वाटा चौथा. अख्खं घर तुमचं नाही, पण ती चौथाई तुमची स्वतःची आहे, मुलांच्या मेहेरबानीची नाही. लेकीलाही तेवढाच वाटा आहे, तिला न विचारता हा कागद तयार झाला असेल तर तेही बोला.

मुलांना द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करा. ते हयातीत कधीही बदलता येतं. हक्कसोडपत्राची एकदा नोंदणी झाली की ते मागे घेणं महाकठीण. तरीही लिहून द्यायची वेळ आलीच, तर ‘मला शेवटपर्यंत सांभाळतील’ ही अट कागदातच घाला. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 याच अटीवर उभं आहे. अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. तोंडी शब्दावर भांडत बसणं फार जड जातं. काही अडलं तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 आहे.

‘वाईट होईन’ म्हणता. व्हा थोड्या. ‘तुला काय करायचंय’ याचं उत्तर मुलांना देणं लागत नाही. ज्या घरात आपला वाटा आहे त्या घरातली झोप वेगळी असते, एवढं मी पुष्कळ बायकांकडून ऐकलं आहे.

प्रश्न : वय 59. दोन नाती माझ्याकडे, सकाळी आठ ते रात्री आठ. गाणं शिकायची लहानपणापासून इच्छा. पण आता या वयात? आणि मुलींना कोण बघणार? (पुणे)

परवानगी मागू नका, वेळ कळवा. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते सहा मी नसते.’ त्या चार तासांची सोय मुलगा-सून करतील. शहरात पाळणाघरं आहेत आणि नातींना बाबाही आहे. वयाचं म्हणाल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गाण्याच्या परीक्षांत ‘प्रारंभिक’ या पहिल्या परीक्षेपासून मोजलं की ‘विशारद पूर्ण’ ही सातवी. साठाव्या वर्षी पहिली दिली आणि दरवर्षी एक दिली, तर 66 व्या वर्षी विशारद. गाणं शिकला नाहीत तरी 66 वर्षं व्हायचीच आहेत.

प्रश्न : मी 70 ची. अंगठा लावते. बँकेत नातू सोबत येतो, त्याला लाज वाटते, मला त्याहून जास्त. पत्र शेजारच्या मुलीने लिहून दिलंय. (बीड जिल्हा)

आजी, हे उत्तर त्याच मुलीकडून वाचून घ्या, आणि तिलाच मास्तरीण करा.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपुढच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन बसल्या. काहींना दिसायचं कमी, काहींना ऐकू यायचं कमी, तरी पाटीवर नाव उमटलं.

तुम्ही ‘अ’पासून सुरुवात करू नका. आधी स्वतःच्या नावातली अक्षरं घ्या. तेवढीच गिरवा, पाटीवर, मग वहीत. हात कापला तरी चालेल, फक्त रोज तीच वळणं यायला हवीत. सही जमली की बँकेत जाऊन सांगा, अंगठ्याऐवजी आता सही नोंदवायची आहे. पासबुक, आधार कार्ड आणि फोटो बरोबर न्या. नातवाला त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसवा.