दोन्ही बाजू सारख्या कधी होणार?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं वय ३१, राहणार नाशिक. मुलगा चार वर्षांचा. त्याचं अंगावरचं दूध सुटल्यावर छाती पार रिकामी झाली, म्हणून पुण्याला जाऊन सिलिकॉन इम्प्लांट बसवून घेतले. नवऱ्याला माहीत आहे, सासूबाईंना ‘गाठ काढली’ एवढंच सांगितलंय. तीन आठवडे झाले. डावी बाजू उजवीपेक्षा वर आणि कडक वाटते. मधूनच सुई टोचल्यासारखी कळ येते, डाव्या स्तनाग्राला मात्र स्पर्शच कळत नाही. दोन दिवसांपासून डाव्या स्तनाखाली पोटाकडे उतरणारी ताठ दोरी हाताला लागते, हात वर केला की ओढते. सासूबाई म्हणतात, गरम पाण्याच्या पिशवीने शेक घे. कॅप्सूल म्हणतात ती हीच का? परत ऑपरेशन करावं लागेल?
— नाव छापू नये

उत्तर : शेकाची पिशवी आधी बाजूला ठेवा. डाव्या बाजूला स्पर्श कळत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. बधिर कातडीला पिशवी किती गरम आहे याचा पत्ता लागत नाही, आणि उचलून बघावं तर खाली टरारलेला फोड. अशा भाजलेल्या बायका माझ्याकडे आल्या आहेत. ऑपरेशनचा वण दिसेनासा झालेला आणि शेकाचा जन्मभर राहिलेला! बर्फही थेट लावायचा नाही.

ती दोरी म्हणजे कॅप्सूल नव्हे. कातडीलगतच्या एखाद्या शिरेत रक्त साकळलं की ती अशी ताठ होते. मोंडोर या फ्रेंच सर्जनने १९३९ साली तिचं वर्णन केलं, म्हणून आम्ही त्याच्याच नावाने तिला ओळखतो. दिसायला भीतीदायक, पण बहुधा चार ते आठ आठवड्यांत आपली आपण विरून जाते. तरी एकदा तुमच्या सर्जनला हात लावून बघू द्या. पत्र वाचून मी निदान करणार नाही.

आता कॅप्सूल. बाहेरची वस्तू अंगात ठेवली की शरीर तिच्याभोवती पातळ पापुद्रा धरतं. तो सगळ्यांनाच येतो, तो आजार नाही. काहीजणींत तो पुढे आवळत जातो. मग स्तन कडक होतो, आकार बिघडतो, शेवटी दुखायला लागतं. आम्ही त्याच्या चार पायऱ्या मानतो. तिसरी-चौथी गाठली की बरेचदा पुन्हा ऑपरेशन करून पापुद्रा काढावा लागतो. पण त्याला सहसा महिने लागतात. तीन आठवड्यांचा कडकपणा बहुतेक वेळा सुजेचा असतो, आणि इम्प्लांट स्नायूखाली असेल तर आखडलेल्या स्नायूचा. स्नायू सैल पडला की इम्प्लांट खाली उतरतो. दोन्ही बाजू एका वेगाने उतरत नाहीत, त्यात तीन ते सहा महिने सहज जातात. तोवर आरशासमोर रोज मोजमाप नको. त्यापेक्षा ऑपरेशनआधीचे फोटो सर्जनकडून मागून बघा. बहुतेकींच्या दोन बाजू मुळातच वेगळ्या असतात, फक्त आधी कुणी इतकं निरखून बघितलेलं नसतं.

सुईसारख्या कळा म्हणजे ताणलेल्या नसा पुन्हा कामाला लागताहेत. बधिरपणा हळूहळू, काही महिन्यांत कमी होतो. काहीजणींत मात्र थोडा कायमचा राहतो, आणि हे ऑपरेशनच्या आधीच सांगायला हवं असतं.

सासूबाईंना काय सांगायचं यात मी पडणार नाही. पण ‘गाठ काढली’ म्हटलं की चार दिवस कौतुक होतं आणि पाचव्या दिवशी परात पुढ्यात येते. कणीक तिंबताना छातीचा स्नायू किती राबतो, हे एकदा दुसऱ्या हाताने चाचपून बघा. सहा आठवडे कणीक, पाण्याची बादली आणि माळ्यावरचे डबे दुसऱ्या कुणाकडे तरी द्या. स्कूटीही नको, खड्ड्यातला प्रत्येक दणका हँडलवरून थेट छातीत येतो. मुलाला उचलायचं नाही. तुम्ही बसा, त्याला चढून मांडीवर येऊ दे. ‘डॉक्टरांनी सहा आठवडे वजन उचलू नको म्हटलंय’ हे बिनधास्त सांगा, त्यात काहीच खोटं नाही.

ती गाठीची गोष्ट दवाखान्यात मात्र चालणार नाही. पुढे कधी खरोखरच गाठ लागली आणि आत इम्प्लांट आहे हे माहीत नसताना कुणी सुई घातली, तर इम्प्लांटच फुटायचा. शिवाय काढलेल्या गाठीचा रिपोर्ट मागितला तर काय दाखवणार?

एक बाजू काही तासांत फुगून ताणली गेली, ताप आला, कातडी लाल-गरम झाली, टाक्यांतून पाणी किंवा पू आला, तर त्याच दिवशी सर्जनला प्रत्यक्ष दाखवा. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून भागत नाही. पोटरी दुखून सुजली किंवा अचानक धाप लागली तर जवळचं मोठं रुग्णालय गाठा, पुण्याला जात बसू नका. आणि यूट्यूब बघून मालिश सुरू केली असेल तर बंद करा. काही सर्जन ती सांगतात, काही साफ नको म्हणतात, इम्प्लांटच्या प्रकारावरही ते ठरतं.

प्रश्न : माझं वय ५२. २००९ मध्ये इम्प्लांट बसवले, काही त्रास नाही. मॅमोग्राफी (स्तन दाबून काढतात तो एक्स-रे) केली तर ते फुटतील का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मॅमोग्राफी जरूर करा. आत इम्प्लांट आहेत हे तंत्रज्ञाला आधी सांगा, म्हणजे ते मागे सरकवून जास्तीच्या फिल्म घेता येतात. फुटण्याचा धोका अगदी कमी.

‘काही त्रास नाही’ यावर मात्र विसंबू नका. सिलिकॉनचा इम्प्लांट फुटला तरी बाहेरून बरेचदा काही दिसत नाही. म्हणून पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी, आणि मग दर दोन-तीन वर्षांनी, असा अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा सल्ला आहे. तुमच्या पहिल्या तपासणीची वेळ केव्हाच टळून गेली. इतक्या वर्षांनी एकच बाजू सुजली तर त्यातलं पाणी तपासलंच पाहिजे. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित लिम्फोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग) होतो, आणि त्याच कारणाने २०१९ मध्ये अॅलर्गन कंपनीने आपले बायोसेल प्रकारचे इम्प्लांट जगभरातून परत घेतले.

तुमचे कोणते, हे त्या वेळच्या कागदांवरच्या स्टिकरवर असेल. २०१० मध्ये फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने औद्योगिक सिलिकॉन वापरल्याचं उघड झालं, तेव्हा ठिकठिकाणच्या बायका हेच स्टिकर शोधत होत्या. घरी नसेल तर रुग्णालयात अर्ज करा. डॉक्टरांवर नोंदी तीन वर्षंच ठेवण्याचं बंधन आहे, त्यामुळे मिळेलच असं नाही. नाही मिळालं तरी एमआरआय अडत नाही.