पांडुरंग नाव गावठी वाटेल का? एका धोंडिरामाचं उत्तर

मुलाचं नाव पणजोबांवरून पांडुरंग ठेवायचंय, बायको म्हणते गावठी वाटेल, तर अर्थ काय आणि लोक काय म्हणतील, असं तुम्ही विचारलंय. माझं नाव धोंडिराम. त्यामुळे गप्प बसवेना.

पांडुरंग म्हणजे पांढऱ्या रंगाचा. आणि विठोबा काळाकुळकुळीत! तेव्हा अर्थाच्या फार मागे लागू नका. आरव म्हणजे मुळात आवाज, आरडाओरडा. नावांच्या याद्यांत मात्र 'शांत' असं छापून येतं. रात्री दोन वाजता आईबापांना खरा अर्थ कळत असेल.

माझ्या नावाचा अर्थ शोधावा लागत नाही. माझ्याआधीची दोन भावंडं गेली. मी झालो तेव्हा आजीने मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने उचललं आणि आईने मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घेतलं. दगडधोंड्याला कोण नेतंय, असा हिशेब. दगडू, केरू, भिकाजी ही नावंसुद्धा अशाच भीतीतून आलेली. (धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिकात जन्मलेल्यांनाही धोंडू म्हणतात. दादासाहेब फाळक्यांचं धुंडिराज मात्र वेगळं, ते गणपतीचं.)

शाळेत मास्तर 'नावासारखंच डोकं' म्हणायचे. ते सोसलं. लग्नाचं नाही सोसलं.

१९९४ साली माझं लग्न ठरलं. पत्रिका मुलीकडच्यांनी छापल्या. गठ्ठा घरी आला, वडिलांनी वरची उचलून वाचली आणि विचारलं, "हा धनंजय कोण?" मेहुण्याने परस्पर नाव बदललं होतं. म्हणे, आमच्या पाहुण्यांत बरं दिसत नाही. लग्नात बायकोचं नाव बदललेलं ऐकलं होतं. इथे तिचं तसंच राहिलं आणि नवऱ्याचं बदललं!

वडील काही बोलले नाहीत. आमच्या वाट्याच्या दोनशे पत्रिका घेऊन ओसरीवर बसले. गुळगुळीत कागदावर बॉलपेन उमटेना, तेव्हा पुतण्याच्या दप्तरातलं हिरवं स्केचपेन घेतलं. धनंजयवर काट मारायची, वर धोंडिराम लिहायचं, शाई वाळेपर्यंत फुंकर घालायची. दोन रात्री गेल्या. कोपऱ्याला लावलेली हळद आणि वडिलांची हिरवी बोटं, माझ्या लग्नातलं मला हेच जास्त आठवतं. मेहुणा अजूनही 'धनंजयराव' म्हणतो आणि मी अजूनही ओ देत नाही.

आता लोक काय म्हणतील ते. लोक नावाला हसत नाहीत, त्याच्या शेपटाला हसतात. धोंडोपंत म्हटलं की पगडी-उपरणं दिसतं, धोंडिबा म्हटलं की खांद्यावर घोंगडी, आणि धोंड्या म्हटलं की कुणीतरी काम सांगतंय. दगड तोच, जात आणि ऐपत तेवढी बदलते. पांडुरंगचंही तसंच: पांडुरंगपंत, पांडुरंगराव, पांडबा, पांडू. त्यात मुंबईत पांडू म्हणजे हवालदार. तेव्हा पहिल्या दिवसापासून हाक पूर्ण मारा, घरातच पांड्या केलंत तर बाहेरचे सोडणार नाहीत.

आणि 'गावठी' म्हणणाऱ्यांना सांगा, १९५८ चं भारतरत्न मिळालं ते महर्षी कर्व्यांना, त्यांचं नाव धोंडो. १९६३ चं मिळालं त्यांत पां. वा. काणे होते, ते पांडुरंग. साने गुरुजीसुद्धा पांडुरंगच. तिथे कुणाला धनंजय करावंसं वाटलं नाही.

हां, एक राहिलं. तुमच्या बायकोला मी मेहुण्याच्या रांगेत बसवतोय असं वाटलं असेल तर तसं नाही. पोर तिचंही आहे. तिला मनापासून नको असेल तर पांडुरंग जन्मदाखल्यावर नका घालू, घरात हाक मारायला ठेवा. मोठेपणी पोराला आवडलं तर गॅझेटमध्ये देऊन तो स्वतः बदलून घेईल. माझी मुलंसुद्धा साधी सुटसुटीत नावं घेऊन हिंडतात, धोंडिराम मी कुणाच्या गळ्यात बांधलं नाही.

पण ठरवायचं ते तुम्ही दोघांनी. बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मामाला विचारायची काहीही गरज नाही.