वाचकांचे प्रश्न : सामाजिक घरं किती आणि कोणाच्या पैशाने?

पालिका, सरकारी मंडळ किंवा नफा न वाटणारी संस्था यांच्या मालकीची, नियमाने ठरलेल्या कमी भाड्याने दिलेली घरं म्हणजे सामाजिक घरं. ती किती असावीत आणि सरकारने त्यावर किती खर्च करावा, यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : निवडणूक आली की सत्ताधारी म्हणतात एवढी घरं बांधली, विरोधक म्हणतात होती तीही गेली. दोघांच्या हातात सरकारी आकडेच असतात. मग खोटं कोण बोलतं?

बहुतेक वेळा कोणीच नाही. दोघं वेगवेगळ्या रकान्यांतले आकडे वाचत असतात. एकाच घराची नोंद निदान चारदा होते: निधी मंजूर होतो तेव्हा, पाया खणायला घेतात तेव्हा, इमारत पुरी होते तेव्हा आणि भाडेकरूच्या हातात किल्ली पडते तेव्हा. मंजुरीपासून किल्लीपर्यंत तीन-चार वर्षं सहज जातात आणि मधे निवडणूकही होऊन जाते. मग एक पक्ष मंजुऱ्या मोजतो आणि दुसरा त्याच घरांच्या किल्ल्या वाटताना फोटो काढून घेतो.

दुसरी गफलत ढोबळ आणि निव्वळ वाढीची. समजा वर्षात १,००० नवी घरं पुरी झाली, ६०० जुनी घरं भाडेकरूंनी विकत घेतली आणि ३०० मोडकळीला आली म्हणून पाडली. मंत्री १,००० वर बोलतील, विरोधक ९०० वर, आणि साठ्यात भर पडली ती १०० घरांची. जर्मनीत तर काही पाडावंही लागत नाही. तिथे अनुदानातून बांधलेल्या घरावर कमी भाड्याचं बंधन ठरावीक वर्षांपुरतंच असतं. मुदत सरली की घर तेच, भाडेकरू तोच, पण यादीतून एक सामाजिक घर वजा.

तिसरी फसगत ‘परवडणारं’ या शब्दात आहे. इंग्लंडमध्ये २०१० साली नव्या घरांचं अनुदान निम्म्याहून जास्त कापलं गेलं आणि २०११ पासून बाजारभाड्याच्या ८० टक्क्यांपर्यंत भाडं असलेलं घर ‘परवडणारं’ म्हणून धरलं जाऊ लागलं. जुन्या पद्धतीचं सामाजिक भाडं त्याहून बरंच खाली असतं. दोन्ही प्रकार एकाच बेरजेत घातले की आकडा फुगतो. म्हणून आकडा ऐकला की आधी विचारा: भाडं बाजारभावाच्या किती टक्के?

प्रश्न : घराला भाडं येतंच. मग त्या भाड्यातून कर्ज फेडून घरं का बांधत नाहीत? सरकारी अनुदान हवंच कशाला?

या पानावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच, म्हणून हिशेब मांडूनच दाखवतो. आकडे उदाहरणाचे आहेत, पण प्रमाण व्यवहाराला धरून.

जमिनीसकट एका घराचा खर्च १०० धरू. सामाजिक भाडं वर्षाला ४.५ येतं. त्यातून कारभार आणि रोजची देखभाल यांना १.१ जातात. छप्पर, लिफ्ट, नळजोडण्या अशा मोठ्या कामांसाठी ०.८ राखून ठेवावे लागतात. दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात घर रिकामं राहतं, काहींचं भाडं थकतं, त्याचे ०.१. हातात राहिले २.५. व्याज ४ टक्के आणि मुदत ३० वर्षं असेल, तर वर्षाला २.५ च्या हप्त्यात फिटणारं कर्ज आहे ४३. उरलेले ५७ कोणीतरी परत न मागण्याच्या बोलीवर घालायला हवेत. ते घालणारं सहसा सरकारच असतं.

आता फक्त व्याज ४ चं ६ टक्के करा. भाडं तेच, घर तेच; कर्ज मात्र ३४ वर येतं आणि खड्डा ६६ चा होतो. सरकारने अनुदानात एक पैसाही कापला नाही, तरी त्याच रकमेत आधी शंभर घरं होत असतील तर आता ८६ होतील. विरोधक याला ‘धोरणाचं अपयश’ म्हणतात, सत्ताधारी ‘आम्ही तरतूद कमी केली नाही’ म्हणतात, आणि दोन्ही विधानं खरी असतात. (भाडं दरवर्षी वाढत जातं हे हिशेबात घेतलं तर थोडं जास्त कर्ज झेपतं. पण सावध बँक पहिल्या काही वर्षांच्या शिलकीकडेच जास्त बघते.)

खड्डा भरायचे दुसरे मार्गही आहेत: जमीन फुकट किंवा नाममात्र दराने देणं, मुदत ४० वर्षांची करणं, त्याच भूखंडावर काही घरं बाजारभावाने विकून नफा इकडे वळवणं. चाळीस वर्षांच्या मुदतीत ४ टक्क्यांनी तेच २.५ जवळपास ४९ चं कर्ज पेलतात. बाजारभावाने विकायचा मार्ग कागदावर देखणा दिसतो. पण मंदी आली की विकायची घरं अडकून पडतात आणि सामाजिक घरांचं कामही त्यांच्याबरोबर थांबतं. म्हणजे गरज सगळ्यात जास्त असते नेमकी तेव्हाच.

प्रश्न : सरकारने सामाजिक घरांची भाडी कमी केली तर भाडेकरूंचा फायदाच आहे ना? मग घरांच्या बाजूने बोलणाऱ्या संस्थाच विरोध का करतात?

आज घरात असलेल्याचा फायदा आहे, रांगेत असलेल्याचा तोटा. वरचाच हिशेब घ्या. भाडं चार वर्षं दरसाल १ टक्क्याने कमी केलं तर ४.५ चं ४.३२ होतं. खर्च दरसाल २ टक्क्यांनी वाढला तर २ चा २.१६ होतो. शिल्लक २.५ वरून २.१६ वर, म्हणजे जवळपास १४ टक्क्यांनी खाली, आणि झेपणारं कर्ज ४३ वरून ३७ वर.

हे काल्पनिक नाही. ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी जुलै २०१५ च्या अर्थसंकल्पात इंग्लंडसाठी नेमकी अशीच कपात जाहीर केली. ती एप्रिल २०१६ पासून चार वर्षं चालली. हेतू भाडेकरूंपेक्षा तिजोरीचा होता: ज्यांचं भाडं सरकार भरतं, त्यांच्यावरचा खर्च त्यामुळे कमी होणार होता. अंदाजपत्रकाचे अंदाज बांधणाऱ्या तिथल्या स्वायत्त कार्यालयाने तेव्हाच सांगितलं होतं की यामुळे सुमारे १४,००० घरं कमी बांधली जातील. नेदरलँड्सने २०१३ पासून सामाजिक घरांच्या मालक संस्थांवर थेट करच बसवला होता. तो २०२३ च्या सुरुवातीला रद्द झाला.

प्रश्न : बांधकामात पैसा अडकवण्यापेक्षा गरजूला भाड्यासाठी रोख मदत देणं स्वस्त नाही का?

पहिल्या वर्षी स्वस्त वाटतं, कारण बांधकामाचे ५७ एकदम डोळ्यांवर येतात. बाजारभाडं ७ आणि सामाजिक भाडं ४.५ असेल, तर रोख मदत वर्षाला २.५. पण ५७ वर ४ टक्क्यांनी सरकारला व्याज पडतं २.२८. म्हणजे रोख मदत पहिल्याच वर्षी थोडी महाग आहे, आणि भाडी चढतात तशी ती वाढत जाते. अनुदान एकदाच द्यायचं असतं. शिवाय शेवटी घर हातात राहतं.

तरीही रोख मदतीच्या बाजूचे मुद्दे पोकळ नाहीत. ती पुढच्या महिन्यात देता येते, घराला चार वर्षं लागतात. नोकरी बदलली की माणूस मदत घेऊन दुसऱ्या शहरात जाऊ शकतो; सामाजिक घर सोडलं तर नव्या शहरात पुन्हा रांगेच्या शेपटाला. रिकामी घरं पुष्कळ असलेल्या गावात बांधकाम करणं म्हणजे उधळपट्टीच. मात्र घरांचीच टंचाई असेल तर मदतीतला काही भाग घरमालकाच्या खिशात जातो, कारण भाडेकरूंच्या हातात पैसा वाढला तरी घरं तेवढीच राहतात. आमचं मत विचाराल तर टंचाई असलेल्या शहरात बांधा, नसेल तिथे मदत द्या. हा वाद तत्त्वाचा म्हणून जितका रंगवला जातो, तितका तो नाही. रिकाम्या घरांचं प्रमाण पाहिलं की निम्मा मिटतो.

प्रश्न : राहत्या भाडेकरूलाच घर विकून त्या पैशातून नवं बांधलं तर? सगळेच खूष.

ब्रिटनने १९८० च्या कायद्याने हेच केलं. तीन वर्षं राहिलेल्या भाडेकरूला बाजारभावावर ३३ टक्के सूट, जास्त वर्षं राहिला तर ५० टक्क्यांपर्यंत. लाखो कुटुंबं मालक झाली आणि ते त्यांना हवंच होतं. राजकीयदृष्ट्या ही योजना इतकी लोकप्रिय होती की नंतर सत्तेवर आलेल्या मजूर पक्षानेही ती गुंडाळली नाही.

चूक हिशेबात होती. नवं घर १०० ला पडत असताना जुनं ५० ला विकलं, तर दोन घरं विकून एकच बांधता येतं. तेही सगळा पैसा बांधकामाकडे आला तर. तो येत नव्हता. १९९० पासून अशा विक्रीतल्या रकमेचा तीन चतुर्थांश भाग जुनं कर्ज फेडण्यासाठी बाजूला ठेवणं पालिकांना बंधनकारक होतं. विकलेल्या घरांपैकी बरीच पुढे खासगी मालकांनी भाड्याने दिली, आणि काहींचं बाजारभाडं भरायला सरकारच मदत देऊ लागलं. स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये ही विक्री बंद केली. इंग्लंडमध्ये ती चालू आहे, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये सूट बरीच कमी झाली.

घाऊक विक्रीचं उदाहरण जर्मनीतल्या ड्रेस्डेनचं. शहराने २००६ मध्ये आपली सुमारे ४८,००० घरं एका गुंतवणूकदाराला विकली आणि कर्जमुक्त झालं. २०१७ मध्ये त्याच शहराने पुन्हा स्वतःची गृहकंपनी काढून बांधायला सुरुवात केली.

विक्रीला सरसकट विरोध करायचं कारण नाही. दोन अटी लिहून घ्या: विकलेल्या प्रत्येक घरामागे त्याच भागात एक घर ठरलेल्या मुदतीत, आणि सूट एवढीच की तो पैसा त्याला पुरेल.

प्रश्न : सरकारवर आधीच कर्ज आहे. घरांसाठी आणखी काढणं बेजबाबदार नाही का?

कर्ज कोणत्या वहीत लिहितात यावर बरंच अवलंबून आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने इंग्लंडमधल्या गृहसंस्थांवर (सामाजिक घरं बांधून भाड्याने देणाऱ्या, नफा न वाटणाऱ्या संस्थांवर) सरकारचं नियंत्रण जास्त आहे म्हणून त्या सरकारी क्षेत्रात धरल्या. सुमारे ६,००० कोटी पौंडांचं कर्ज एका निर्णयाने सार्वजनिक कर्जात मिसळलं. सरकारने काही नियंत्रणं सैल केली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या संस्था पुन्हा खासगी ठरल्या. कर्ज वहीतून उतरलं. या सगळ्यात एकही वीट हलली नाही.

रस्त्याच्या कर्जाला बहुधा उत्पन्न नसतं, घराच्या कर्जाला भाडं असतं. तेव्हा खरा प्रश्न हा की भाड्यातून किती फिटतं. पालिकांनी घरांसाठी कर्ज काढण्यावरची मर्यादा इंग्लंडमध्ये २०१८ मध्ये उठवली ती याच तर्काने. मात्र दुरुस्तीचे ०.८ वाचवून हप्ता भरणारी संस्था कर्ज फेडत नाही, पुढे ढकलते. वीस वर्षांनी छपरं गळायला लागतात, भिंतींना ओल धरते, आणि तेव्हा लागणारा पैसा नव्या घरांच्या वाट्यातूनच काढावा लागतो.

प्रश्न : व्हिएन्नाचं उदाहरण ऊठसूट दिलं जातं. त्यांना जमलं ते इतरांना का नाही?

तिथे १९२३ साली घरांवर चढत्या दराचा खास कर बसवला आणि तो पैसा व इतर करांचं उत्पन्न यांतून बांधलं. बांधकामाचं कर्ज भाड्यावर न लादल्यामुळे भाडं जवळपास देखभालीपुरतंच ठेवता आलं. वरच्या हिशेबात बोलायचं तर ४.५ ऐवजी २. शिवाय पहिल्या महायुद्धानंतर भाडेनियंत्रण आणि चलनवाढ यांमुळे जमिनीचे भाव पडले होते. शहराने त्या स्वस्ताईत भरपूर जमीन घेतली. १९३० मध्ये पुरी झालेली कार्ल मार्क्स होफ ही १,३८२ घरांची वसाहत त्या काळातली. शहराने ही घरं नंतरही विकली नाहीत, हा कथेतला कमी सांगितला जाणारा भाग. आज जमीन बाजारभावाने घेऊन कोणी तेच करायला निघाला, तर १०० मधला मोठा वाटा जमिनीतच जाईल.

प्रश्न : अर्थसंकल्पात घरांसाठी मोठी रक्कम जाहीर झाली की सामान्य माणसाने काय तपासावं?

रक्कम किती वर्षांची ते पाहा. दहा वर्षांची बेरीज एका मथळ्यात बसवणं ही जुनी युक्ती आहे. वर्षाची रक्कम काढा, मग बांधकामाचा खर्च किती वाढला ते वजा करा. त्यात अनुदान किती आणि कर्ज किंवा हमी किती, ते वेगळं करा, कारण हमी वरचा ५७ चा खड्डा भरत नाही, फार तर व्याज थोडं उतरवते. मागच्या वर्षी न खर्चलेला निधी पुन्हा नवा म्हणून मोजला आहे का, हे सुधारित अंदाजाच्या रकान्यात दिसतं. शेवटी एकूण अनुदानाला घरांच्या संख्येने भागा. दर घरामागे फारच कमी रक्कम निघाली तर ती घरं एक तर सामाजिक भाड्याची नाहीत किंवा ती होणारच नाहीत.