चहाच्या अळीला मारणारा विषाणू आपल्या कपात उतरतो का?

तुम्ही विचारलंय, चहाच्या मळ्यात अळ्या मारायला विषाणू फवारतात, मग तो आपल्या पोटात जात नाही का? माझा चहाशी संबंध रोज दोन कपांपुरता. पण हातकणंगल्याकडं सोयाबीन करतो आणि याच प्रकारचा विषाणू पंपात घालून फवारलाय, म्हणून सांगतो.

आमच्याकडं सोयाबीनची पानं खाणाऱ्या तंबाखूच्या अळीसाठी एसएलएनपीव्ही हे विषाणूचं औषध मिळतं, हेक्टरी 250 एलई, म्हणजे 250 रोगट अळ्यांतून निघेल इतका विषाणू. ऊन लागलं की विषाणू मरतो, म्हणून दिवस कलल्यावर नीळ घालून फवारलं. चार दिवस काहीच नाही. शेजारचे काका बांधावरून म्हणाले, "नुसतं पाणी मारलंस काय रे?" सहाव्या दिवशी बघतोय तर अळ्या शेंड्याला चढून उलट्या लटकलेल्या. काडी लावली की कातडी फाटून मळकट पाणी. तेच पाणी पानावर सांडतं, पुढची अळी ते पान खाते आणि तिची तीच गत.

विषाणू प्रथिनाच्या दाण्यात बंद असतो. अळीचं पोट साबणाच्या पाण्यासारखं अल्कधर्मी, तिथं दाणा विरघळतो. आपल्या जठरात आम्ल. शिवाय हे बॅक्युलोव्हायरस, म्हणजे या विषाणूंचं कूळ, माणसाच्या पेशीत वाढतच नाहीत. कोबीच्या पानावरून तुम्ही ते नकळत खाल्लेही असतील. त्यात चहाची पानं कारखान्यात कडक गरम हवेत वाळतात आणि मग आपण ती उकळतो. मला विचाराल तर काळजी रासायनिक औषधाची करा: चहाची तोडणी आठवड्या-दहा दिवसांनी होते, अंश उतरायला वेळ कुठाय?

विषाणू भलताच चोखंदळ. चीनमध्ये चहावर एक्ट्रोपिस नावाच्या उंट अळीच्या दोन जाती आहेत, दिसायला जुळ्या. एकीला विषाणू झटकन लागतो, दुसरीवर तितका चालत नाही. जपानमध्ये पानं गुंडाळणाऱ्या दोन अळ्यांसाठी असेच विषाणू वापरलेत. उत्तर बंगालच्या मळ्यांत हायपोसिड्रा ही काळी उंट अळी त्रास देते, तिच्या मेलेल्या अळ्यांतूनही असा विषाणू वेगळा केलाय.

आजरा-चंदगडचं कुणी वाचत असेल तर काजूवरच्या ढेकण्या किडीसाठी या विषाणूवर पैसे घालू नका. त्याचाच भाऊबंद चहावरही असतो. तो सोंड खुपसून रस ओढतो, पान खात नाही. विषाणू पोटात जाणार कसा?