रापी तुमची, रसायनशास्त्र तिचं

नमस्कार दादा,

तुमची मुलगी बारावी सायन्सला आहे आणि तिला जनावराशिवाय चामडं कसं बनवायचं ते शिकायचंय. तुमची तिसरी पिढी कोल्हापुरी चपला करते. ‘पोरगी आमच्याच पोटावर पाय द्यायला निघाली का?’ ही तुमच्या पत्रातली ओळ वाचून वाईट वाटलं. तसं अजिबात नाही. तुमच्या हातातली पारख हे तिचं भांडवल आहे, आणि इतर मुलांकडे ते नसतं.

रेक्झिनचा एक पट्टा तिच्यासमोर रापीने कापा. कडेला खाली कापड आणि वर प्लॅस्टिकचा थर दिसेल. ‘व्हेगन लेदर’ म्हणून विकलं जाणारं बरंचसं असंच असतं, कापडावर पीव्हीसी नाहीतर पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे प्लॅस्टिकच. त्यातलं साधं पीयू दमट हवेत आतून तुटत जातं आणि मग पापुद्रे सुटतात. चामड्यात कोलॅजन या प्रथिनाचे तंतू सगळ्या दिशांनी गुंतलेले असतात, म्हणून हिरडा-बाभळीने कमावलेला तळ झिजतो, पण असा सोलत नाही. ही गुंतण जनावराशिवाय कशी आणायची, हा तिच्या पुढचा खरा प्रश्न.

त्यावर काम चालू आहे. अननसाच्या पानांच्या तंतूंपासून पिन्याटेक्स नावाचं चामड्यासारखं कापड होतं, पण त्यातही पीएलए (वनस्पतींपासूनचं प्लॅस्टिक) आणि रेझिनचा लेप लागतो. केरळात नारळाच्या पाण्यावर जिवाणू वाढवून ‘मलाई’ नावाचं कापड करतात. अमेरिकेतल्या बोल्ट थ्रेड्स कंपनीने बुरशीच्या तंतूंचं ‘मायलो’ आणलं, मोठे ब्रँड सोबत होते, तरी 2023 मध्ये उत्पादन थांबवावं लागलं.

म्हणूनच अशा एखाद्याच मालाचा छोटा कोर्स तिला घेऊ देऊ नका. पाया रुंद हवा. मुंबईच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) पॉलिमर किंवा फायबर्स अँड टेक्स्टाइल प्रोसेसिंगचं बी.टेक. आहे, तिथे जमलं तर उत्तमच. घराजवळ इचलकरंजीला डीकेटीई कॉलेजात टेक्स्टाइल आहे. लेपाचं कापड हा शेवटी टेक्स्टाइलचाच विषय. दोन्हीकडे एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे मार्क चालतात. पदवीनंतर चामड्याचंच शास्त्र खोलात शिकावंसं वाटलं, तर चेन्नईत सीएलआरआय, म्हणजे केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे.

सीईटी झाली की तिला अशा पर्यायी चामड्यांचे चार-पाच नमुने मागवू द्या आणि ते स्वतः आरीने टोचून बघा. भोक फाटतं का, कड सुटते का, वेणी घालताना वादी ताणली जाते का, हे तिला वहीत लिहायला सांगा. ती वही घेऊन दोघंही मला भेटा.