घड्याळ एकाच फोनला बांधलेलं; दाद कुठे मागायची?

प्रश्न : मी निपाणीचा, निवृत्त शिक्षक. गेल्या वर्षी कोल्हापुरातून ॲपलचं घड्याळ घेतलं. 'उद्या फोन बदलला तर?' विचारलं, तर दुकानदार म्हणाला, 'बिनधास्त घ्या, कुठल्याही फोनला जोडतं.' आता आयफोनची काच फुटली म्हणून अँड्रॉइड घेतला, तर घड्याळ जोडतच नाही. नाडीच्या वर्षभराच्या नोंदीही अडकल्या. कंपनीवर दावा लावता येईल का?

उत्तर : गुरुजी, कंपनीच्या मागे लागू नका. हे घड्याळ आयफोनशिवाय चालत नाही, हे ती लपवत नाही. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचून बघा. सॅमसंगचीही २०२१ पासूनची घड्याळं आयफोनला जोडत नाहीत. आत आलेलं गिऱ्हाईक बाहेर पडू नये, असा हा धंदा. तेवढ्यावरून तो बेकायदा ठरत नाही. बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर रोखणारं स्पर्धा कायद्याचं कलम ४ आहे खरं, आणि २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडप्रकरणी गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंडही केला. पण दंड सरकारजमा होतो, तुमच्या हाती काही पडत नाही.

तुमची बाजू दुकानदाराच्या त्या एका वाक्यात आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम २(४७) : मालाच्या उपयोगाबद्दल खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा, मग ते तोंडी का असेना. प्रश्न पुराव्याचा. आजच त्याला व्हॉट्सॲप करा : 'कुठल्याही फोनला जोडतं म्हणालात, जोडत नाही, काय करू?' 'सॉरी सर, परत घेता येणार नाही' असं उत्तर आलं तरी चालेल; आपण तसं म्हणालो नाही, असं तर तो म्हणाला नाही! मग बिलाची प्रत जोडून स्पीड पोस्टाने नोटीस. तेवढ्याने भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार; तिला दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

आता सीमाभागाची गंमत. कलम ३४ प्रमाणे ग्राहक राहतो तिथेही तक्रार चालते, म्हणजे बेळगावच्या जिल्हा आयोगात. पण तिथे कागद कन्नडात नाहीतर इंग्रजीत. दुकान कोल्हापुरात, म्हणून तिथल्या आयोगातही दार उघडं आहे. निपाणीहून ते जवळ, आणि तक्रार मराठीत लिहिता येते. मी तुमच्या जागी असतो तर कोल्हापूरच धरलं असतं.

फुटका आयफोन मात्र एक्स्चेंजमध्ये घालवू नका. नोंदी त्याच्याच हेल्थ ॲपमध्ये असतात, तिथून सगळ्यांची फाईल काढता येते. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात नोंदी दुसऱ्या कंपनीकडे हलवून मागण्याचा हक्क नाही, त्यामुळे हे काम आपलं आपणच करायचं. पडदा अजून बोटाला दाद देत असेल, तर आजच.