गिझर बाहेर, नळ आत

थंडी पडली की या पानाकडे गॅस गिझरची पत्रं येऊ लागतात. त्यातल्या पाच पत्रांना उत्तरं देत आहोत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण ते थांबण्यासारखं नाही.

आमचं बाथरूम ४ बाय ७ फुटांचं. गॅस गिझर दोन वर्षं आतच आहे. हल्ली मुलगा आंघोळ करून आला की डोकं दुखतं, गरगरतं म्हणतो. घरचे म्हणतात, वाफेमुळे होतं. गॅसचा वास कधी येत नाही, गिझरला ऑक्सिजन सेन्सरही आहे. मग भीती कसली? – वाचिका, नाशिक

हे वाफेचं काम वाटत नाही, कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचं वाटतं. तो गिझर आजपासून दार लावून पेटवू नका. मुलाला डॉक्टरांकडे न्या आणि बाथरूममध्ये गॅस गिझर आहे हे त्यांना आपणहून सांगा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं तरी निर्धास्त होऊ नका. रक्ताला ऑक्सिजन चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, हा फरक त्या यंत्राला कळत नाही.

जरा हिशेब मांडू. मिनिटाला ६ लिटरचा गिझर पाणी २५ अंशांनी तापवताना तासाला साधारण १ किलो गॅस खातो. १ किलो एलपीजी जळायला १२-१३ घनमीटर हवा लागते. तुमचं बाथरूम ८ फूट उंच धरलं तर आत हवा आहे सहा-सव्वासहा घनमीटर. म्हणजे दहा मिनिटांच्या शॉवरला आतल्या एक तृतीयांश हवेची गरज लागते आणि जळून उरलेली हवा फिरून पुन्हा बर्नरकडेच येते. ऑक्सिजन पुरेनासा झाला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला येतो तो वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा, आणि तो ज्योतीत जळून जातो. तेव्हा वास येत नाही याचा अर्थ नळी गळत नाही, इतकाच.

सेन्सरचंही तसंच. तो ऑक्सिजनवर लक्ष ठेवतो, कार्बन मोनॉक्साइडवर नाही. काजळी धरलेला बर्नर हवा पुरेशी असतानाही विष सोडू शकतो. ‘सारखा बंद पडतो’ म्हणून कुणी सेन्सरच्या वायरी जोडून तो बाद केलेला नाही ना, हेही तपासून घ्या. एक्झॉस्ट फॅन लावला की झालं, असंही नाही. खिडकीच्या काचा कागदाने बुजवलेल्या आणि दाराखाली फट नाही, तर पंखा बाहेर फेकणार काय?

उपाय एकच. गिझर बाल्कनीत किंवा बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर हलवा आणि गरम पाण्याचा नळ तेवढा आत आणा. थेट वारा-पाऊस लागू नये, वर कपाट किंवा माळा नसावा, शेजारी बेडरूमची खिडकी नसावी. इमारतीचा बंदिस्त डक्ट नको, तिथे शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडतात. ज्योतीची खिडकी डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून पाचेक फुटांवर येऊ द्या. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप वापरा, साधा पीव्हीसी नाही. अर्ध्या इंची पाइपच्या ४ मीटरमध्ये अर्धा लिटर गार पाणी उभं असतं, तेवढं आधी वाहून जाईल.

हलवेपर्यंत दार-खिडकी सताड उघडी ठेवून बादली भरा (२० लिटरला साडेतीन मिनिटं लागतात), गिझर आणि रेग्युलेटर बंद करा, बाथरूम थोडा वेळ तसंच उघडं राहू द्या आणि मगच आंघोळीला जा. कडी बाहेरून उघडता येईल अशी बसवा. कुणी आत कोसळलं तर दार उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत ओढा, मग गॅस बंद करून १०८ ला फोन करा. आत थांबून तोंडावर पाणी मारत बसू नका.

सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. नळ सोडला की कधी टकटक होते पण गिझर पेटत नाही, कधी टकटकही होत नाही. मेकॅनिक म्हणतो, किट बदला. – वाचक, पुणे

किटला, म्हणजे गिझरमधल्या रबरी पडदा आणि झडपांच्या संचाला, हात लावू नका अजून. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

टकटकच नाही, तर आधी सेल बघा. मग पाण्याचा जोर. पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा उचलला जातो, तो पिनला रेटतो, पिन मायक्रोस्विच दाबते आणि मग ठिणगी. गरम पाण्याच्या नळाखाली लिटरचं माप धरा. २५ सेकंदांत भरलं नाही तर जोर कमी आहे. गिझरच्या इनलेटला नट खोलल्यावर बोटाच्या पेराएवढी जाळी निघते, तिच्यात टाकीतला गाळ बसतो. जुन्या टूथब्रशने घासून परत बसवा. जाळी साफ करूनही जोर नसेल तर दोष टाकीच्या उंचीचा. बऱ्याच मॉडेलना पाव बार, म्हणजे अडीच मीटर उंचीवरून येणारं पाणी लागतं. वरच्या मजल्याला ते क्वचितच मिळतं, तिथे छोटा प्रेशर पंप लागतो. जोर भरपूर असूनही टकटक नाही, तर पडदा फाटला असेल. त्यासाठी अख्खं किट बदलावं लागत नाही.

टकटक आहे पण ज्योत नाही, तर सेल अर्धमेले असतात. ठिणगीपुरते पुरतात, गॅसची झडप उघडायला नाही. दोन्ही मोठे सेल एकदम बदला. रिचार्जेबल नकोत, ते दीडऐवजी १.२ व्होल्टचे असतात. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवाही असते. मात्र तीनदा पेटला नाही की नळ बंद करून पाच मिनिटं थांबा. साचलेला गॅस चौथ्यांदा भक्कन पेटतो.

बोअरचं पाणी आहे. पूर्वीइतकं तापत नाही, तापताना सूं सूं आवाज येतो आणि ज्योतही पिवळी झाली आहे. – वाचक, लातूर

दोन दुखणी एकत्र आली आहेत. आवाज आणि कोमट पाणी हे तांब्याच्या नळीत आतून बसलेल्या क्षारांमुळे. रेग्युलेटर बंद करा, सेल काढा, पाणी बंद करून दोन्ही पाइप सोडवा. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. इनलेटला टोपण लावून आउटलेटमधून नरसाळ्याने हळूहळू भरा. बुडबुडे येतील. अर्ध्या तासाने ओता, बुडबुडे थांबेपर्यंत पुन्हा भरा, मग भरपूर पाणी सोडून धुवा. टॉयलेट धुण्याचं ॲसिड अजिबात नको, ते क्षारांबरोबर तांबंही खातं. पुढे पाणी कढत घेऊन गार मिसळण्यापेक्षा नॉब कमी ठेवा. पाणी जितकं जास्त तापतं तितके क्षार जास्त बसतात.

पिवळी ज्योत मात्र घरी दुरुस्त करू नका, आणि ती निळी होईपर्यंत गिझर वापरू नका. धूळ, कोळ्याचं जाळं बर्नरच्या हवेच्या वाटेत अडकतं, मग वरच्या पत्र्यांना काजळी धरते आणि धूर वर जायची वाट बंद होते. जेटमध्ये, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीत, टाचणी घालून साफ करणारा मेकॅनिक दिसला तर त्याला थांबवा. पितळी जेटचं भोक तसूभर वाढलं तरी गॅस जास्त येतो आणि ज्योत आणखी पिवळी होते. ब्रश आणि हवेचा झोत पुरतो, नाहीतर जेट नवे घ्यावेत. वर्षातून एकदा, थंडीच्या आधी, हे करून घ्या.

पाइप गॅस आला. जुना सिलिंडरचा गिझर त्याला जोडू का? – वाचिका, ठाणे

नाही. तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीत पाइप गॅसच्या अडीच पटींहून जास्त उष्णता असते, म्हणून दोन्हींचे जेट वेगळे. कंपनीचं रूपांतर किट मिळत असेल तर तिच्याच माणसाकडून बसवा, नाहीतर पीएनजीचा, म्हणजे पाइप गॅसवर चालणारा, गिझर घ्या.

शेगडीच्या रेग्युलेटरवर टी (दोन फाट्यांचा जोड) लावून गिझरला लांब हिरवी नळी नेली आहे. चालेल? – वाचक, कोल्हापूर

दोन्ही गोष्टी काढा. गिझरला स्वतंत्र सिलिंडर आणि रेग्युलेटर हवा. नळी आयएसआय शिक्क्याची नारिंगी ‘सुरक्षा’च, दीड मीटरपेक्षा लांब नाही. तिच्यावर छापलेली तारीख बघा, पाच वर्षांनी बदलायची. जोडांवर साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघा. काडी ओढून बघू नका. गळती आढळली तर रेग्युलेटर बंद करा, दिव्याच्या बटणाला हात न लावता दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ या एलपीजी गळतीच्या मदत क्रमांकाला फोन करा.